घरी जोडलेल्या पीसीचा प्रोसेसर तापतोय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्ट स्वतः निवडून, घरी बसून पीसी जोडणाऱ्यांना कधी ना कधी हा त्रास होतोच. त्यावर बहुतेकांचा पहिला विचार असतो प्रोसेसरवर बसणारा नवा कूलर मागवायचा. तो जरा थांबवा. तापणाऱ्या पीसींपैकी बऱ्याच ठिकाणी कूलर पुरेसा असतो, पण तो नीट टेकलेला नसतो किंवा त्याला हवा मिळत नसते. कारण आधी शोधा, पाकीट नंतर काढा.

प्रोसेसर किती तापला म्हणजे काळजी करायची?

प्रत्येक प्रोसेसरची मर्यादा कंपनीने ठरवलेली असते आणि ती सगळ्यांची सारखी नसते. इंटेल कोअर आय५-१२४०० ची १०० अंश सेल्सिअस, एएमडीच्या रायझेन ५ ५६००एक्सची ९५, रायझेन ७ ५८००एक्सची ९० आणि ७८००एक्स३डीची ८९. तिथवर पोचला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात.

माझा ढोबळ हिशेब असा. गेम खेळताना ६० ते ८० असेल तर विसरून जा. व्हिडिओ रेंडर करताना ८५ पर्यंत गेलं तरी झोप उडवून घेऊ नका. मर्यादेच्या अगदी जवळ तासन्‌तास रेंगाळत असेल, वेग पडत असेल, किंवा गेल्या महिन्यापर्यंत ७० दाखवणारा आज त्याच कामाला ९० दाखवत असेल, तर पुढचं वाचा. कोणाच्या तरी स्क्रीनशॉटमध्ये ५५ दिसतं आणि आपल्याकडे ७२ आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्याची खोली, त्याचं कॅबिनेट, त्याचा गेम, सगळंच वेगळं.

तापमान बघायचं कुठे? टास्क मॅनेजरमध्ये तर दिसत नाही.

टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या आणि ‘फक्त सेन्सर’ हा पर्याय निवडून उघडा. रायझेनवाल्यांनी ‘टीसीटीएल/टीडाय’ ही ओळ पाहायची, इंटेलवाल्यांनी ‘सीपीयू पॅकेज’. बाकीच्या पन्नास ओळींकडे तूर्त दुर्लक्ष करा. मदरबोर्डवरच्या ‘ऑक्सटिन’ नावाच्या एखाद्या ओळीत ११५ किंवा १२७ असा भीतिदायक आकडा दिसला तर घाबरू नका. त्या जागी बऱ्याचदा सेन्सर जोडलेलाच नसतो, त्यामुळे आकडा निरर्थक असतो. पहिल्या पिढीचे रायझेन १७००एक्स आणि १८००एक्स तर खऱ्या तापमानात मुद्दाम २० अंश मिळवून दाखवायचे. जुना पीसी घेतलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

दोष कूलरचा, पेस्टचा की कॅबिनेटचा, हे ओळखायचं कसं?

सगळ्यात कामाचा प्रश्न हा आहे आणि याचं उत्तर फुकट मिळतं. आकडा किती यापेक्षा तो किती वेळात तिथे पोचला ते पाहा.

पीसी सुरू करा, दहा मिनिटं काही न करता राहू द्या आणि तापमान लिहून ठेवा. मग सिनेबेंच या प्रोसेसर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची सगळ्या कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर) चालणारी चाचणी लावा आणि एचडब्ल्यूइन्फोवर नजर ठेवा.

एक-दोन सेकंदांत ४० वरून थेट ९५ ला उडी मारली आणि चाचणी थांबवताच तितक्याच झटक्यात खाली आलं, तर उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे कूलरच्या धातूच्या पत्र्यांपर्यंत, पोचतच नाहीये. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये काहीतरी बिघडलंय: थर्मल पेस्ट (दोघांच्या मध्ये लावायचा उष्णता वाहून नेणारा लेप), पिना, स्क्रू किंवा मध्ये राहिलेलं प्लॅस्टिक. याउलट सुरुवातीला ७० वर गेलं, तिथे थोडं टेकलं आणि मग दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू ८५, ८८, ९० असं चढत गेलं, तर कूलर आपलं काम करतोय. कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर जात नाहीये आणि कूलर तीच पुन्हा ओढतोय.

खात्री करायची तर चाचणी चालू असतानाच कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडा. आकडा पाच-दहा अंशांनी उतरला तर दोष हवेच्या वाटेचा. एक-दोन अंशांपलीकडे हलला नाही तर कूलर उतरवून पाहायची तयारी ठेवा. शक्तिशाली प्रोसेसरवर छोटा कूलर असेल तरीही आकडा झटकन वर जातो, पण तो थ्रॉटलिंगपर्यंत जाईलच असं नाही आणि हीटसिंक हाताला चांगलाच गरम लागतो. प्रोसेसर ९५ दाखवतोय आणि हीटसिंक जेमतेम कोमट आहे, हे लक्षण मात्र नीट न टेकलेल्या कूलरचंच. हात लावताना पंख्याच्या पात्यांपासून बोटं लांब ठेवा.

आजच जोडला आणि बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ८० अंश दाखवतोय. काय चुकलं?

आधी कूलरच्या तळाकडे बघा. नव्या टॉवर कूलरच्या तांब्याच्या तळावर पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म चिकटवलेली असते. तिच्यावर काढून टाकण्याची सूचना छापलेली असते आणि घाईत ती कोणी वाचत नाही. कूलर बसतो, पंखा फिरतो, पीसी सुरूही होतो, फक्त उष्णता फिल्मपाशी अडते.

इंटेलचा डब्यातला कूलर असेल तर संशयित ठरतात त्या चार पुश पिना. पिनेच्या डोक्यावर बाण असतो. बाणाच्या दिशेने फिरवली की ती सुटी होते. म्हणून बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट, लॉकच्या बाजूला फिरवून ठेवलेली असावीत. मग समोरासमोरच्या दोन पिना एकदम दाबायच्या, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत, आणि नंतर उरलेल्या दोन. मदरबोर्ड वाकतोय असं वाटेल, थोडा वाकतोच. पण खरी तपासणी मागच्या बाजूने करायची. चारही छिद्रांतून पांढरं प्लॅस्टिक फाकून बाहेर आलेलं आणि त्याच्या मधोमध काळी पिन पूर्ण घुसलेली दिसली पाहिजे. तीन ठिकाणी तसं आहे आणि चौथ्या ठिकाणी काळी पिन आतच राहिलीय, हा हमखास सापडणारा दोष. म्हणूनच मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये जाण्याआधी, टेबलावर असतानाच कूलर लावावा. कॅबिनेटमध्ये बसवल्यावर ती चौथी पिन कुठल्या तरी कोपऱ्यात हाताला लागत नाही.

रायझेनसोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर स्क्रूने बसतो. त्यासाठी मदरबोर्डवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आधी काढाव्या लागतात, आणि एएम४ बोर्डांवर (एएम४ हे आधीच्या रायझेनचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) त्या पट्ट्यांचे स्क्रू काढले की मागची धातूची प्लेट निखळून पडते, कारण तिला धरणारे स्क्रू तेच असतात. बोर्ड उभा असेल तर एका हाताने ती प्लेट धरून ठेवा. चारही स्क्रू आधी दोन-दोन आटे फिरवून पकडवायचे आणि मग तिरके, आलटून-पालटून आवळायचे. एकच स्क्रू शेवटपर्यंत आवळला तर कूलर तिरका टेकतो.

जुना कूलर नव्या बोर्डावर लावलाय का? इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची छिद्रं ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, त्याआधीच्या ११५१ आणि १२०० ची ७५. जुन्या कूलरची पट्टी ओढूनताणून बसवली तर दाब कमी पडतो. कूलर कंपनीकडून १७०० चं किट मागवा. काही कंपन्या ते फुकट किंवा किरकोळ पैशांत देतात.

आणि पंख्याची वायर मदरबोर्डवरच्या ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या हेडरवरच (वायर खोचायच्या पिनांवर) आहे ना, वायरचा एखादा वेढा पात्यांत अडकत नाहीये ना, हेही पाहून घ्या.

थर्मल पेस्ट किती लावायची? पसरवायची की मधे ठिपका?

तुरीच्या दाण्याएवढी, मधोमध. एलजीए १७०० चे प्रोसेसर लांबट असतात, तिथे मधून एक बारीक रेघ ओढली तर पेस्ट कडेपर्यंत जाते. कूलर दाबला की ती आपोआप पसरते. पसरवूनच लावली तरी हरकत नाही, फक्त आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. पेस्ट थोडी जास्त झाली तर कडेने बाहेर येते आणि पुसता येते. कमी पडली तर एखादा कोपरा कोरडा राहतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा किंचित जास्तच बरी.

पेस्टचं काम काय, हे कळलं की प्रमाणाचा घोळ मिटतो. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा राहतात आणि त्यांत हवा असते. हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विन, तांब्याची ४०० च्या आसपास. पेस्ट या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, एक अंकी किंवा जेमतेम दोन अंकी आकड्यात. म्हणजे ती हवेपेक्षा शेकडो पट चांगली आणि तांब्यापेक्षा कितीतरी वाईट. हवा हटेल इतकीच हवी. जाड थर नको.

आर्क्टिक एमएक्स-४, एमएक्स-६, नॉक्टुआ एनटी-एच१ यांपैकी कुठलीही घ्या, घरगुती वापरात फरक दोन-तीन अंशांचा. नाव नसलेल्या पाऊचमधली पांढरी पेस्ट स्वस्त असते, पण काही महिन्यांत वाळून खडूसारखी होते. टूथपेस्ट लावून ‘चालते की’ म्हणणारे व्हिडिओ आहेत. पहिला दिवस चालते, पाणी उडालं की संपलं. पेस्टऐवजी लावतात त्या लिक्विड मेटलच्या (पातळ धातूच्या) वाटेला नवशिक्यांनी जाऊच नये. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम खातं आणि एखादा थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतो.

कूलर दरवेळी उतरवल्यावर जुनी पेस्ट पुसून नवी लावायची. पुसायला लागणारं आयसोप्रोपाइल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. डिओ, अत्तर, नेलपॉलिश रिमूव्हर नको. पुसण्याआधी मात्र पेस्टचा ठसा बघा. मधे पातळ, सगळीकडे सारखा थर असेल तर कूलर नीट टेकला होता. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळपास कोरा असेल तर तो तिरका होता. कूलर कसा बसला होता याचा याहून चांगला पुरावा नाही.

कूलर ओढला तर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला!

एएम४ वर हे होतं. त्या रायझेनच्या पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वाळलेली पेस्ट सॉकेटच्या पकडीपेक्षा घट्ट धरते. पिना वाकल्या नसतील तर काही बिघडलेलं नाही. एखादी वाकली असेल तर पातळ ब्लेडने किंवा मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकाने अगदी सावकाश सरळ करता येते. पुढच्या वेळी पीसी दहा मिनिटं एखाद्या जड कामाला लावा, बंद करून वीज काढा आणि पेस्ट कोमट असतानाच कूलर डावी-उजवीकडे पिळत पिळत सोडवा. सरळ वर ओढू नका. एएम५ (नव्या रायझेनचं सॉकेट) आणि इंटेलमध्ये प्रोसेसर लोखंडी चौकटीत अडकवलेला असतो, तिथे ही भीती नाही.

दोन वर्षं ठीक होतं, आता तापतंय.

धूळ. दुसरं काही शोधण्याआधी धूळ. पंख्याच्या पात्यांवरची दिसते. खरी अडचण असते पंखा आणि हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये साचलेल्या थराची. पंखा काढल्याशिवाय तो थर दिसत नाही. स्वयंपाकघराला लागून पीसी असेल तर फोडणीच्या वाफेतलं तेल त्या धुळीला चिकट करतं. देवघराशेजारी असेल तर धूप-उदबत्तीची काजळी बसते. अशी चिकट धूळ नुसत्या फुंकरीने निघत नाही, मऊ ब्रश लागतो.

पीसी बंद करा, मागचा स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या आणि गॅलरीत न्या. घरातल्या ब्लोअरने हवा मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते ब्लोअरच्या झोतात बेफाम फिरतं आणि बेअरिंगला मार बसतो. घर झाडायचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या तोंडाशी स्थिर विद्युत तयार होते. दिवाळीच्या साफसफाईत पीसीचा नंबर लावला तर वर्षातून एकदा आपोआप होतं. रस्त्यालगत तळमजल्यावर राहणाऱ्यांना दोनदा करावं लागेल.

साफ करूनही फरक पडला नाही तर पेस्ट बदला.

झाकण उघडं ठेवलं की सगळं ठीक. मग तसंच ठेवू का?

तात्पुरतं ठेवा. कायम ठेवलं तर धूळ, झुरळं आणि पाली यांना आमंत्रण. पाल वीजपुरवठ्यात शिरल्याच्या कहाण्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा.

आपल्याकडचा मोठा दोषी आहे कॉम्प्युटर टेबल. खालच्या बाजूला कॅबिनेटसाठी खण, त्याला पाठ, कधी कधी दारही. त्यात ठेवलेला पीसी आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढत राहतो. खणाची मागची फळी काढून टाका किंवा कॅबिनेट सरळ टेबलावर घ्या. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. पीसी चालू असताना त्यावर कापडी कव्हर नको, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं.

आतल्या पंख्यांची दिशा तपासा. साधारणपणे पंख्याच्या ज्या बाजूला चार काड्यांचा आधार आणि मधे स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा आणि वरचे बाहेर टाकणारे असावेत. रंगीत दिव्यांचे काही पंखे उलट्या पात्यांचे येतात, तिथे नुसत्या डोळ्यांनी फसगत होते. पेटलेली उदबत्ती पंख्यापासून थोडी दूर धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. पुढे अखंड काच आणि बाजूला दोन बोटांची फट असलेलं कॅबिनेट असेल तर पंखे वाढवूनही फारसं हाती लागत नाही. नवं कॅबिनेट घेताना जाळीची पुढची बाजू बघा, दिवे नंतर.

फक्त एप्रिल-मेमध्येच त्रास होतो. हे नॉर्मल आहे का?

हवेवर चालणारा कूलर किंवा पाण्यावर चालणारा, दोघंही प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. खोली २५ अंशांवर असताना जो प्रोसेसर ७० दाखवतो, तो ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८५ च्या आसपास जाणार. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ पार जातो. तिथे दुपारी रेंडर लावून आकडा पुण्याच्या मित्राशी ताडून बघण्यात अर्थ नाही. जड काम रात्रीवर किंवा पहाटेवर ढकला, पॉवर लिमिट कमी करा (खाली सांगितलंय), आणि उन्हाळ्यापुरता पंख्यांचा वेग बायोसमधून वाढवा.

वाळ्याच्या ताट्यांचा कूलर थेट कॅबिनेटवर सोडायची कल्पना टाळा. तो हवेसोबत पाण्याचे बारीक तुषारही फेकतो आणि बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा थर बोर्डावर बसतो. खोली थंड करायला कूलर लावा, पण पीसी त्याच्या झोताबाहेर हवा. कोकणात आणि गोव्यात अडचण उलटी: उष्णता कमी, पण खारी दमट हवा. तिथे पीसी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालू करणं चांगलं.

काहीच करत नाही, तरी ५५. आणि पंखा सारखा वर-खाली होतो.

रायझेनमध्ये हे फार दिसतं. ब्राउझरचा एक टॅब उघडला तरी एखादा कोअर क्षणभर पूर्ण वेगाने पळतो, आकडा ४० वरून ५५ वर जातो आणि परत येतो. यात बिघाड नाही. पंख्याचा आवाज त्रास देत असेल तर बायोसच्या पंखा-विभागात वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायचा पर्याय असतो, तो वाढवा आणि ६० अंशांपर्यंत वेग स्थिर ठेवा.

मात्र आकडा सतत ६५-७० वर असेल तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून कोण खातंय ते बघा. विंडोज अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन, गेम लाँचर हे नेहमीचे. क्रॅक केलेल्या गेमसोबत आलेला क्रिप्टो मायनरही (आपल्या पीसीवर दुसऱ्यासाठी गुपचूप क्रिप्टो नाणी कमावणारा प्रोग्रॅम) असतो. त्यांच्यातले काही टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात आणि बंद केला की पुन्हा सुरू होतात. पंख्याच्या आवाजावरून ते पकडता येतात.

माझा रायझेन ७६००एक्स चांगला कूलर लावूनही ९५ वर जातो.

रायझेन ७००० मालिका तशीच घडवलेली आहे. सगळे कोअर कामाला लागले की तो ९५ पर्यंत जेवढा वेग मिळेल तेवढा घेतो. कूलर मोठा लावला तर तापमान उतरण्याऐवजी बरेचदा वेग थोडा वाढतो. एएमडीच्या म्हणण्याप्रमाणे या तापमानावर तो बिनधास्त चालू शकतो. तरी आवाज आणि उकाडा नको असेल तर बायोसमध्ये किंवा एएमडीच्या रायझेन मास्टर या सॉफ्टवेअरमध्ये इको मोड (कमी वीज खाणारं सेटिंग) लावा. १०५ वॅटवाला प्रोसेसर ६५ वॅटच्या गटात आला की त्याची खरी वीजमर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते. गेममध्ये फरक सहसा कळतही नाही, रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात हा सौदा फायद्याचा.

इंटेलमध्ये याच जागी पॉवर लिमिट, म्हणजे वीजमर्यादा असतात. आय५-१२४०० चा मूळ आकडा ६५ वॅट, टर्बोत (थोड्या वेळापुरत्या वाढीव वेगात) ११७. पण कित्येक मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच ही मर्यादा उठवून ४०९६ वॅट लिहून ठेवतात, म्हणजे मर्यादाच नाही. १२७००के किंवा १३९००के सारख्या प्रोसेसरवर मग मोठा कूलरही अपुरा पडू शकतो. बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग निवडा किंवा आकडे हाताने भरा. बायोसची भीती वाटत असेल तर विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ‘प्रोसेसरची कमाल स्थिती’ ९९ टक्के करा. टर्बो बंद होतो आणि तापमान धाडकन उतरतं. वेगही उतरतो, म्हणून हा उपाय अडीअडचणीपुरता.

तापमान ७० वरच आहे, तरी वेग पडतो. का?

बहुधा तापतोय तो प्रोसेसर नसून त्याला वीज पुरवणारा मदरबोर्डवरचा भाग, म्हणजे व्हीआरएम. स्वस्त एच६१० किंवा ए३२० बोर्डांवर त्यावर हीटसिंकच नसतो. डब्यातला कूलर खालच्या दिशेने हवा फेकतो, त्यामुळे त्या भागालाही वारा लागतो. लिक्विड कूलर लावला की तो वारा बंद होतो. कूलर महाग आणि वेग कमी, असं कोडं पडलं तर कॅबिनेटच्या मागचा आणि वरचा पंखा चालू आहे का बघा. स्वस्त बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवला असेल तर पॉवर लिमिट कमी करण्याशिवाय इलाज नाही.

लिक्विड कूलर आहे. त्यात काय तपासू?

पंप फिरतोय का, ते आधी. बायोसमध्ये त्याचा वेग दिसतो आणि तो पंख्यासारखा कमी-जास्त न होता सारखा राहिला पाहिजे. प्रोसेसर ९५, एक नळी चटका देणारी, दुसरी थंडगार आणि रेडिएटरही (पाणी थंड करणारी पत्र्यांची जाळी) थंड असेल तर पाणी फिरत नाहीये. गुळगुळ आवाज येत असेल तर हवा पंपात शिरलीय. रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं बसवा, म्हणजे हवा तिथे जाऊन बसते. बंद पडलेला पंप घरी दुरुस्त होत नाही. वॉरंटी बघा, नसेल तर टॉवर कूलर घ्या.

मग नवा कूलर घ्यायचाच असेल तर कोणता?

६५ वॅटच्या प्रोसेसरला डीपकूल एके४०० किंवा कूलर मास्टर हायपर २१२ च्या पठडीतला एका पंख्याचा टॉवर भरपूर झाला. त्याहून मोठ्या प्रोसेसरला थर्मलराइट पीअरलेस असॅसिनसारखा दोन टॉवरांचा. महाग लिक्विड कूलर बहुतेकांना शोभेपुरताच लागतो, असं माझं मत. मागवण्याआधी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची वाचा. वर सांगितलेले टॉवर १५५ ते १६० मिलिमीटरच्या घरात आहेत आणि अरुंद कॅबिनेटची काच त्यावर लागत नाही.

पीसी अचानक बंद पडतो. उष्णतेमुळेच ना?

बहुधा नाही. प्रोसेसर तापला की आधी मंदावतो. मंद न होता फटकन बंद होणारा पीसी पॉवर सप्लायकडे बोट दाखवतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल, पण ती नोंद फक्त पीसी नीट बंद झाला नव्हता एवढंच सांगते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंग (आकडे फाइलमध्ये नोंदवत राहणं) चालू ठेवा. बंद पडण्याआधीची शेवटची ओळ ६८ अंश दाखवत असेल तर प्रोसेसर निर्दोष.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरवर गेम क्रॅश होत असतील तर ते प्रकरण निराळं. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (बायोससोबत येणाऱ्या प्रोसेसरच्या सुधारणा) दिले आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अद्ययावत करा. आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

इतका तापून प्रोसेसर जळेल का?

आताचे जळत नाहीत. २००१ मध्ये चालू पीसीवरून कूलर उचलून पाहण्याचा एक प्रयोग गाजला होता. पेंटियम ४ मंदावून तगला आणि त्या वेळच्या अॅथलॉनमधून धूर निघाला. तेव्हापासून सगळ्याच प्रोसेसरमध्ये आधी मंद होण्याची आणि तरीही नाही भागलं तर वीज तोडण्याची सोय आली.

दुकानात न्यायचा तर काय सांगू?

‘तापतोय’ एवढंच सांगितलं तर पेस्ट बदलून पैसे घेतले जातील. एचडब्ल्यूइन्फोचा लॉग, काय चालवल्यावर किती मिनिटांत किती अंश झाले ते, आणि झाकण उघडल्यावर किती उतरले ते लिहून न्या. लॅमिंग्टन रोड असो की गल्लीतलं दुकान, हा कागद समोर ठेवला की बोलणं मुद्द्यावर येतं. बॉक्ससह घेतलेल्या इंटेल-एएमडी प्रोसेसरला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. कूलर काढल्याने किंवा पेस्ट बदलल्याने ती जात नाही. प्रोसेसरचं धातूचं टोपण उचकटलं तर जाते. बिल, बॉक्स आणि त्यावरचा सिरीयल नंबर जपून ठेवा. प्रोसेसर नेताना त्याच प्लॅस्टिकच्या खोक्यात न्या, रुमालात गुंडाळून नव्हे.